गुराबेला किती मार्क द्यायचे?

गेले आठ महिने दर शनिवारी रात्री आमच्याकडे युद्ध असतं. पाच मित्र, तीन टाइमझोन आणि कोकण किनाऱ्याचा एक नकाशा. एका बाजूला आंग्र्यांचं आरमार, दुसऱ्या बाजूला मुंबईची ईस्ट इंडिया कंपनी. दोन्ही बाजू शुक्रवारपर्यंत आपापले हुकूम पंचाला पाठवतात, शनिवारी पंच ऑनलाईन निकाल लावतो आणि रविवारी सगळे मिळून पंचाला शिव्या घालतात. पंच मी आहे.

हे असले खेळ काही नवीन नाहीत बरं का. १८९८ साली फ्रेड जेन नावाच्या इंग्रज पत्रकाराने आरमारी युद्धाचा एक खेळ छापला आणि त्याच वर्षी जगभरच्या युद्धनौकांची माहिती देणारं पुस्तकही काढलं. पुढे तेच पुस्तक 'जेन्स फायटिंग शिप्स' म्हणून जगभर गाजलं. म्हणजे जहाजांना मार्क देण्याचा उद्योग सव्वाशे वर्षांचा आहे. आणि त्यावरून होणारी भांडणंही तितकीच जुनी असणार!

आमचं भांडण मार्कांवरूनच झालं. पहिल्या आवृत्तीत मी सरळ एक्सेल शीट उघडली. जहाजाची ताकद म्हणजे तोफांची संख्या गुणिले गोळ्याचं वजन. सोपं. कंपनीच्या मोठ्या व्यापारी जहाजावर साधारण ३० तोफा. आंग्र्यांची गुराब दोन डोलकाठ्यांची असेल तर फार तर १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची असेल तर ३०० टनांच्या आसपास. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी गोळ्याच्या. गलबत त्याहून लहान, मोठ्यात मोठं ७० टनांचं. त्यावर बऱ्याचदा कठड्यावर बसवलेल्या छोट्या फिरत्या तोफाच. हे आकडे रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराचे. आकडे भरले, बटण दाबलं... आणि आंग्रे तीन शनिवार सलग हरले.

आंग्र्यांकडून खेळणाऱ्या मित्राचं आजोळ अलिबागचं. त्याचा फोन आला. "अरे, तुझ्या शीटमधले कान्होजी बघून वाटतं की त्यांना पहिल्याच दिवशी मुंबईकरांनी धरून नेलं असणार. गुराबेला २० तोफा दे, भिंती जाड कर, काहीतरी कर."

लंडनच्या मित्राला हे कळलं. तो कंपनीकडून खेळतो. तो म्हणाला, "दे की. मग त्याला इतिहास म्हणू नकोस म्हणजे झालं."

पुढचे दोन शनिवार कोणीच हुकूम पाठवले नाहीत. कॉलेजपासूनची दोस्ती, वीस वर्षं झाली, आणि अबोला कशावरून, तर ९ पौंडी गोळ्यावरून! हसू येत होतं, पण आतून वाईटही वाटत होतं. कारण दोघांचंही बरोबर होतं. आकडे खोटे करायचे नव्हते आणि निकाल तर उघड उघड खोटा होता. एखादी टेस्ट केस सतत फेल होत असेल तर डेटा बदलायचा नसतो, कोड बघायचा असतो, हे मी ज्युनियर मुलांना रोज सांगतो.

म्हणून ऑर्म पुन्हा काढला. आणि माझी चूक सापडली. मी त्याच्यातून आकडे उतरवून घेतले होते आणि ही जहाजं लढायची कशी, हे त्याने पुढेच लिहिलंय, ते वाचायचं सोडून दिलं होतं. (डॉक्युमेंटेशन पूर्ण न वाचण्याची सवय, दुसरं काय.)

गुराबेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि सपाट असायचं. त्यावरून थेट पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी. गलबतांना ४०-५० वल्ही. वारा पडला की गलबतं दोर लावून गुराबांना ओढत न्यायची आणि सगळा ताफा शत्रूच्या पिछाडीला जमायचा. मारा आधी डोलकाठ्यांवर. तिन्ही डोलकाठ्या जवळजवळ एका रेषेत दिसल्या की गोळा सोडायचा. जहाज लुळं पडलं की चहूबाजूंनी भडिमार, आणि तरीही शरण येत नसेल तर गलबतांतून माणसं तलवारी घेऊन एकाच वेळी सगळीकडून वर चढायची. मोठ्या जहाजावर हल्ला करायचा तर ८-१० गुराबा आणि ४०-५० गलबतं निघायची.

आता हिशोब करा. ३० तोफांच्या जहाजाच्या तोफा असतात डाव्या-उजव्या बाजूला. मागे रोखता येतात त्या मोजक्याच. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियरने १९१६ च्या पुस्तकात मांडलेलं गणित असं की, सगळे एकमेकांवर नेम धरू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. दुप्पट तोफा म्हणजे चौपट जोर. पण ज्या तोफेला शत्रू दिसतच नाही, ती त्या गणितात शून्य! वारा असेपर्यंत जहाज वळतं, ३० पैकी निम्म्या तोफा रोखतं आणि गुराबेची चाळण करतं. वारा पडला की तेच जहाज म्हणजे तरंगतं गोदाम.

मी एकाही जहाजाचा एकही आकडा बदलला नाही. तीन नियम घातले. एक, तोफ कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते बघायचं. दोन, जहाजाचं बूड पाण्यात किती खोल जातं ते बघायचं, म्हणजे खाडीत कोण शिरेल आणि कोण रुतेल ते ठरतं. तीन, वारा. शाळेत भूगोलात घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून, आणि मधल्या वेळात वाऱ्याचा काही भरवसा नाही. ती मधली वेळ म्हणजे आंग्र्यांची वेळ.

मग एक खरी लढाई टेस्टला घेतली. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज पकडलं होतं. पडलेला वारा, पिछाडीवरून मारा, आधी डोलकाठ्या. आमच्या नकाशावर डर्बी पाचपैकी चार वेळा पडली. अलिबागकर खूष. आणि गंमत म्हणजे लंडनकरही चिडला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो जहाजं एकेकटी सोडेना. ताफा करून, किनाऱ्यापासून लांबून न्यायला लागला. शिकला तो!

तरी एक बग राहिलाच होता. जिंकणं म्हणजे काय?

ऑक्टोबर १६७९ ची खांदेरीची लढाई घ्या. मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी वेढा घातला. दौलतखानाचं आरमार चालून आलं, इंग्रजांची 'डव्ह' पकडली गेली, पण 'रिव्हेंज' हे जहाज एकटं उभं राहिलं आणि त्याने मराठी आरमाराला मागे रेटलं. तोफा मोजल्या तर त्या दिवशी इंग्रज जिंकले. पण छोट्या, उथळ बुडाच्या होड्या रात्री-बेरात्री माणसं आणि सामान बेटावर पोचवत राहिल्या, मोठी जहाजं बघत राहिली, आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना वेढा उठवावा लागला. खांदेरी महाराजांकडेच राहिली. लढाई एकाची, मोहीम दुसऱ्याची.

म्हणून आमच्या खेळात आता जहाजं बुडवण्याला मार्कच नाहीत. आंग्र्यांना मार्क मिळतात ते त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेऊन किती व्यापारी फिरले यावर. कंपनीला मिळतात ते दस्तक न घेता किती जहाजं सुखरूप पोचली यावर. खरं भांडण तेच तर होतं. कंपनी कान्होजींना चाचा म्हणायची. ते स्वतःला छत्रपतींचे सरखेल म्हणवत आणि या समुद्रावर परवाना द्यायचा हक्क आपला आहे असं सांगत. खेळाचे मार्क कशाला द्यायचे हे ठरवताना मला पहिल्यांदा कळलं की चाचा आणि सरखेल यांतला फरक तोफांचा नाही, परवान्याचा आहे.

सगळं सुरळीत झालं. मग अलिबागकर म्हणाला, "आता १७५६ खेळू."

फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. समोर अ‍ॅडमिरल वॉटसन, ७० तोफांच्या आसपासचं 'केंट' आणि तसलीच आणखी मोठी जहाजं, बरोबर क्लाइव्हची फौज. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात एकमेकांना बांधून उभं. ना मोकळा समुद्र, ना पिछाडी, ना पडलेला वारा. कंपनीकडूनच पूर्वी पकडलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजाने पेट घेतला आणि आग जहाजामागून जहाज खात गेली. आणि जमिनीच्या बाजूला उभं होतं पेशव्यांचं सैन्य. आदल्याच वर्षी, १७५५ मध्ये, पेशवे आणि कंपनीचा तुळाजींविरुद्ध तह झाला होता आणि सुवर्णदुर्ग पडला होता. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते हे खरंच आहे. पण दाराचं कुलूप बिघडलं म्हणून दारच काढून द्यावं, तसं काहीसं झालं.

अलिबागकर चार खेळ्यांत हरला. पुन्हा मांडला, पुन्हा हरला. मग रात्री दीड वाजता त्याने विचारलं, "याला काही बॅलन्स नाही का रे?"

मी म्हणालो, "नाही. इथे जहाजांना कितीही मार्क दे, उपयोग नाही. तोल आधीच्या वर्षी तहाच्या कागदावर गेलाय."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग १७५० पासून सुरू करू. तह व्हायच्या आधीपासून. आणि पेशव्यांना वेगळा खेळाडू दे."

कल्पना उत्तम आहे. नवीन नकाशा तयार आहे, नियमही लिहून झालेत. अडचण एकच. पाचही जणांना विचारून झालं, पेशवा व्हायला कोणी तयार नाही. असो. बहुतेक पंचालाच व्हावं लागणार.