मणक्यांच्या विद्येची सनद

मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट नगरात डॅनियल डेव्हिड पामर नावाचा, हस्तस्पर्शाने व चुंबकीय प्रभावाने रोग बरे करण्याचा दावा सांगणारा एक उपचारक राहत असे. १८९५ च्या सप्टेंबरात हार्वे लिलार्ड नामक एका बधिर इसमाच्या पाठीचा मणका दाबून आपण त्याची श्रवणशक्ती परत आणली असे त्याने जाहीर केले, आणि त्या एका प्रयोगावर कायरोप्रॅक्टिक या नव्या उपचारपद्धतीचा पाया रचला. कायदा नाही, परीक्षा नाही, व्यवसायाची नोंदवही नाही अशा अवस्थेत, अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे १८९७ साली, पामरने या विद्येची शाळा काढली. शाळा आधी आणि सनद मागाहून हा जो उलटा क्रम त्या वेळी पडला, त्याचेच पर्यवसान पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या मान्यतेच्या कज्ज्यात झाले, असे माझे मत आहे.

परवान्याचा कायदा नसल्यामुळे या उपचारकांवर विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल फिर्यादी होत. खुद्द पामरलाही १९०६ मध्ये त्याच आरोपाखाली तुरुंगात जावे लागले. कॅन्सस राज्याने १९१३ साली पहिला परवाना-कायदा केला आणि मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. परंतु परवाना कोणत्या शाळेच्या विद्यार्थ्याला द्यावा, हा प्रश्न त्या कायद्यांनी सोडवला नाही. शाळा बहुधा खासगी मालकीच्या होत्या, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालत, आणि कित्येकींचा अभ्यासक्रम दीड वर्षात आटोपत असे. एब्राहम फ्लेक्सनरच्या १९१० च्या अहवालाने वैद्यकीय महाविद्यालयांची जी कठोर झाडाझडती घेतली आणि जिच्यामुळे अनेक दुबळी विद्यालये बंद पडली, तशी झाडाझडती घेणारा कोणी या शाळांना त्या काळी लाभला नाही. १९२५ पासून मात्र काही राज्यांनी शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र इत्यादी मूलभूत शास्त्रांची परीक्षा सर्व पंथांच्या उपचारकांना सक्तीची केली, आणि शिक्षणातील उणीव उमेदवारांच्या निकालांत उघडी पडू लागली.

या बाह्य दडपणाइतकाच घरातला दुभंग मोठा होता. पामरचा पुत्र बार्टलेट जोशुआ याने १९०६ मध्ये शाळेचा कारभार हाती घेतला, आणि केवळ मणक्याचे समायोजन म्हणजेच कायरोप्रॅक्टिक, औषधे, आहारोपचार वा विद्युत्-उपचार यांची त्यात भेसळ नको, असा कडक दंडक घातला. त्याच्या अनुयायांना शुद्धतावादी म्हणत, तर शिकागोच्या नॅशनल स्कूलसारख्या संस्थांभोवती जमलेल्या मंडळींना मिश्रपंथी. १९२४ साली बार्टलेटने त्वचेच्या तापमानातील फरक मोजणारे न्यूरोकॅलोमीटर नावाचे यंत्र पुढे आणले आणि ते वापरल्यावाचून खरा उपचार होऊच शकत नाही असा आग्रह धरून ते भारी भाडेपट्ट्याने देऊ केले, तेव्हा त्याच्याच चार नामांकित अध्यापकांनी शाळा सोडून १९२६ मध्ये इंडियानापोलिस येथे लिंकन कॉलेज स्थापन केले.

या सगळ्या धामधुमीत ज्या माणसाचे काम मला सर्वांत आदरणीय वाटते, तो म्हणजे जॉन नूजंट. नॅशनल कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने १९३५ मध्ये शैक्षणिक मानदंडांसाठी समिती नेमली होती. १९४१ मध्ये असोसिएशनने नूजंटकडे शिक्षण-संचालकाचे पद सोपवले. त्याने देशभर फिरून शाळा पाहिल्या, त्यांचे हिशेब तपासले, आणि मालकांपुढे तीन मागण्या ठेवल्या : शाळा तुमच्या खिशातून काढून विश्वस्तांच्या हाती द्या, लहान शाळा एकमेकींत विलीन करा, आणि अभ्यासक्रम चार वर्षांचा करा. ज्याची उपजीविका, ज्याचे नाव आणि ज्याच्या आयुष्याची कमाई त्या शाळेत गुंतलेली, त्याला तिच्या मालकी हक्कावर पाणी सोडायला सांगणे किती अवघड, याची कल्पना संस्था चालवणाऱ्या कोणालाही करता येईल. तरीही न्यूयॉर्कमधील तीन शाळा १९४४ साली एकत्र येऊन एक संस्था उभी राहिली, आणि अन्यत्रही असे संयोग घडले. डॅव्हनपोर्टकडून नूजंटवर सतत प्रखर हल्ले होत राहिले, कारण चार वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे वैद्यकाचे अनुकरण आणि मूळ तत्त्वाचा घात, अशी तेथील श्रद्धा होती. १९४७ मध्ये असोसिएशनची शिक्षण-परिषद स्थापन झाली. तीच पुढे १९७१ साली स्वतंत्रपणे नोंदली जाऊन महाविद्यालयांची परीक्षक बनली.

आता प्रश्न उरला परीक्षकाच्या परीक्षेचा. संघ सरकारच्या शिक्षणखात्याने ज्या संस्थेला मान्यता दिली, तिनेच मान्य केलेल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी सरकारी कर्जास पात्र. आणि राज्यांच्या परवाना-मंडळांचे दप्तरही हळूहळू त्याच संस्थेच्या यादीवर चालू लागले. म्हणून १९७० नंतर दोन्ही पंथांनी आपापल्या संस्थांसाठी अर्ज केले, आणि १९७४ च्या ऑगस्टात शिक्षण-परिषदेचा अर्ज मंजूर झाला. लुइझियानाने परवाना-कायदा केला तोही त्याच वर्षी, आणि तो करणारे ते शेवटचे राज्य. मात्र वैद्यकीय संघटनेचा विरोध थांबला नव्हता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली होती; कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवणे डॉक्टरांना निषिद्ध ठरवले होते; आणि एकीकडे या महाविद्यालयांत योग्य अध्यापक नाहीत असे म्हणत असताना दुसरीकडे डॉक्टरांनी तेथे शिकवण्याची वाटही बंद केली होती. विल्क व इतर कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये या संघटनेविरुद्ध गुदरलेल्या खटल्यात न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी १९८७ साली हा बहिष्कार बेकायदेशीर ठरवला. परंतु त्या निकालाने या उपचारांची शास्त्रीय सत्यता सिद्ध केली, असे जे सांगितले जाते ते खरे नव्हे, कारण न्यायासनापुढे स्पर्धा-कायद्याच्या भंगाचा प्रश्न होता.

शुद्धतावाद्यांनीही हार मानली नाही. दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे १९७३ मध्ये निघालेल्या शर्मन कॉलेजच्या पाठबळाने त्यांनी आपली वेगळी मान्यता-संस्था उभारली, आणि १९८८ मध्ये शिक्षणमंत्र्यांकडून तिला मंजुरीही मिळवली. पण अनेक राज्यांचे कायदे जुन्या परिषदेवाचून दुसरी सनद ओळखतच नव्हते. त्यामुळे शुद्धतावादी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याजवळ पदवी असे आणि परवाना नसे. काही वर्षांत ती मंजुरी गेली, आणि १९९५ मध्ये शर्मन कॉलेज स्वतःच त्या परिषदेच्या यादीत आले.

तथापि सर्वांत कटू कज्जा जॉर्जियातील मॅरिएटा येथील लाइफ विद्यापीठाचा. सिड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये काढलेले हे विद्यापीठ एके काळी या क्षेत्रातले जगातील सर्वांत मोठे होते. तेथील शिक्षणात, विशेषतः रोगनिदानाच्या बाबतीत, उणिवा आहेत असे ठरवून परिषदेने जून २००२ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. विल्यम्स पायउतार झाले, विद्यार्थी अन्य महाविद्यालयांच्या दारी गेले, आणि जे राहिले त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर आपल्याला कोणते राज्य परवाना देणार. फेब्रुवारी २००३ मध्ये संघ-न्यायालयाने तात्पुरत्या मनाईहुकुमाने मान्यता पूर्ववत केली. या निवाड्याकडे मी कोण्या एका पंथाचा विजय म्हणून पाहत नाही. रोगनिदान न शिकवणे हा रोग्याशी द्रोह आहे, आणि परिषदेने तो दोष दाखवला हे योग्यच केले. परंतु ज्या संस्थेत प्रतिस्पर्धी महाविद्यालयांची माणसे निवाड्यास बसतात, तिने आपली प्रक्रिया संशयातीत ठेवणे हेही तितकेच अगत्याचे होते.

पुढे २०१२ साठी आखलेल्या नव्या मानदंडांतून औषधे व शस्त्रक्रिया यांवाचून उपचार ही जुनी शब्दावली गळाली, तेव्हा शुद्धतावादी व मिश्रपंथी यांचा जुना वाद पुन्हा पेटला, आणि २०११ च्या डिसेंबरात शिक्षणखात्याच्या सल्लागार समितीपुढे हरकतींचा ढीग पडला. तरीही परिषदेची मान्यता टिकून राहिली.

या दीर्घ इतिहासात मानदंडांचे भांडण पंथ, परिषदा आणि वकील यांनी लढवले, आणि दंड मात्र बहुतेक वेळा त्याने भरला ज्याने शुल्क भरले होते. म्हणून माझी या व अशा प्रत्येक परिषदेकडे एवढीच मागणी आहे की, महाविद्यालयाची सनद काढून घ्यायची असेल तर अवश्य घ्यावी, पण प्रवेशाच्या दिवशी जी सनद खरी मानून विद्यार्थी दाखल झाला, ती त्याच्यापुरती त्याच्या पदवीपर्यंत खरी राहील, अथवा दुसऱ्या महाविद्यालयात त्याचे शिक्षण पुरे होईल, अशी लेखी तजवीज हुकूम काढण्यापूर्वीच करावी.