न छापल्यामुळे वाचलेली चित्रं

माझी उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. पुस्तक छापून झालं, की शाईच्या बोटांनी मळलेली हस्तलिखित प्रत रद्दीत जायची. त्याचं कधी काही वाटलं नाही. होकुसाईची हकिकत वाचली, तेव्हा मात्र चुटपुट लागली.

कात्सुशिका होकुसाई (१७६०-१८४९) हा जपानचा थोर चित्रकार. त्याच्या काळी तिथं चित्रांची पुस्तकं लाकडी ठशांवरून छापत. चित्राचा पातळ कागद फळीवर उपडा चिकटवायचा आणि कारागिरानं त्या रेघांबरहुकूम लाकूड कोरायचं. या कोरण्यात मूळ चित्रच संपून जायचं. छापील प्रती उरत. चित्रकाराच्या हातची रेघ उरत नसे.

पण एका सचित्र ज्ञानकोशासाठी त्यानं काढलेली १०३ छोटी चित्रं शाबूत आहेत. कारण एवढंच, की ते पुस्तक निघालंच नाही! पॅरिसच्या लिलावात १९४८ साली ती विकली गेली, मग दिसेनाशी झाली. २०१९ साली पुन्हा उजेडात आली आणि २०२० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं विकत घेतली. त्यांत प्राचीन भारतही आहे. जपान्यांना तेव्हा परदेशी जायची बंदी होती, म्हणजे न पाहिलेला आपला देश त्यानं मनानंच रंगवला.

पुस्तक अडलं, म्हणून त्याचा हात आज दिसतो. मंडळी, तुमच्या माळ्यावर एखादं न छापलेलं बाड असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा.