टाचेतला थेंब आणि रंगीत पट्टी

नवजात बालकाच्या टाचेला सुई टोचून काढलेल्या थेंबावरून खाटेपाशीच रक्तातील साखर मोजण्याची पद्धत आज इतकी रुळली आहे की, तिचे साधन मुळात बालकांसाठी घडवलेच नव्हते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेतील एल्कहार्ट येथील एम्स कंपनीने १९६०च्या दशकाच्या मध्यास ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही पट्टी आणली, ती प्रामुख्याने मधुमेहींची वाढलेली साखर ओळखण्यासाठी. बालरोगतज्ज्ञांनी मात्र ती उलट्या कामाला, म्हणजे घटलेली साखर हेरण्यासाठी, जुंपली.

तशी निकडही होती. सेंट लुईसच्या हार्टमन आणि जॉडन यांनी १९३७ मध्ये नवजातांतील अल्पशर्करेचे वर्णन केले होते आणि १९५९ मध्ये मार्विन कॉर्नब्लाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंप, झटके, श्वास अडखळणे ही लक्षणे तिच्याशी जोडून दाखवल्यावर या विकाराकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. परंतु प्रयोगशाळेतील चाचणीला रक्त बरेच लागे आणि निकालाला वेळ लागे. एक किलो वजनाच्या बालकाच्या अंगात सारे मिळून ८०-९० मिलिलिटरच रक्त असते, हे लक्षात घेता एका थेंबावर भागवणाऱ्या पट्टीचा मोह समजण्यासारखा आहे.

पट्टीवरील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करी, त्यामुळे पट्टीवरील रंगद्रव्य निळसर होई, आणि बरोबर एका मिनिटाने रक्त पाण्याने धुऊन तो रंग तक्त्याशी ताडून पाहिला जाई. खालच्या पातळीवरील फिक्या छटांत भेद करणे सर्वांत कठीण, आणि नवजातांच्या बाबतीत निर्णय नेमका तिथेच करावा लागे. अँटन क्लेमेन्स यांनी घडवलेल्या, १९७०च्या सुमारास आलेल्या परावर्तनमापकाने डोळ्यांचा अंदाज दूर केला. रक्ताचा स्वभाव मात्र तोच राहिला. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, नवजातांत बहुधा प्रौढांहून बरेच अधिक असते. अशा दाट रक्तातून पट्टीत रक्तद्रव कमी झिरपतो आणि साखर असते त्याहून कमी दिसते. उलट टाच पुसलेले स्पिरिट वाळू न देता थेंब घेतला, तर डेक्स्ट्रोस्टिक्सवर आकडा फुगे. म्हणजे धोक्यातले बालक सुखरूप ठरण्याचा संभव, आणि ही चूक पहिलीहून अधिक घातक म्हणावी लागेल.

पट्टीला दोष देताना प्रयोगशाळा निर्दोष मानण्याची प्रथा आहे, ती तितकीशी न्याय्य नाही. नळीतल्या रक्तातही पेशी साखर खातच राहतात, नवजातांच्या पेशीबहुल रक्तात तर अधिकच. ही क्रिया रोखण्यासाठी फ्लोराइड घातले तरी त्याचा पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो. त्यामुळे नमुना रखडला, तर ज्या आकड्यावर पट्टी पारखायची तोच घसरलेला असतो.

या अनिश्चिततेतच सीमारेषा आखली गेली. ॲलन लुकास आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ६६१ अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या अभ्यासातून प्रति लिटर २.६ मिलिमोल, म्हणजे प्रति डेसिलिटर सुमारे ४७ मिलिग्रॅम, ही पातळी पुढे आणली आणि ती जगभर रूढ झाली. मधुमेहींनी घरी वापरायच्या यंत्रांसाठी २००३ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने कमी साखरेच्या टप्प्यात १५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे चालवून घेतले होते. म्हणजे खरी साखर ४७ असताना ३२ दाखवणारे यंत्रही उत्तीर्ण आणि ६२ दाखवणारेही. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९७ सालच्या आढाव्यातच नवजातांसाठी अशा पट्ट्या भरवशाच्या नसल्याचे म्हटले होते.

अमेरिकेतील बालरोग अकादमीने २०११ मध्ये व्यवहार्य तोड काढली: पट्टीवर साखर कमी दिसताच प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी, परंतु उपचार त्यासाठी अडवू नयेत. सिनसिनाटीचे लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या विकर-विद्युदग्राच्या कल्पनेवर आधारलेली रक्तवायू-विश्लेषक यंत्रे आता अतिदक्षता विभागातच काही मिनिटांत अधिक विश्वासार्ह आकडा देतात. ती महाग असल्याने जिथे पोहोचलेली नाहीत, तिथे पहिला निर्णय अजून पट्टीवरच होतो.