मातृसेवेचा पूर्वेतिहास आणि आपलें कर्तव्य



महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीची व घंटेची हकीकत यावी, हें योग्यच आहे. आम्ही मात्र येथें एक निराळा इतिहास सांगूं इच्छितों. धर्मगुरूच्या हातीं दोन वह्या असतात. एक बाप्तिस्म्याची व दुसरी दफनाची. एकाच बालकाचें नांव थोड्या दिवसांच्या अंतरानें दोहोंत लिहिण्याचा प्रसंग ज्यावर आला, त्यास हा विषय परका राहत नाहीं.

आपल्या शेजारच्या कल्याण शहरीं ३१ मार्च १८६५ रोजीं आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला. तो दहा दिवसांतच दगावला. त्या काळीं पुरुष डॉक्टरापुढें आपलें दुखणें उघड करण्यापेक्षां तें सोसणेंच कित्येक स्त्रियांस बरें वाटे. आपल्या भगिनींकरितां स्त्रीडॉक्टर हवी, ह्या निश्चयानें आनंदीबाई सातासमुद्रांपलीकडे फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ सालीं एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूकहि झाली होती. परंतु क्षयानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वय अवघें एकवीस! त्याच १८८६ सालीं मुंबईंत पेस्तनजी होरमसजी कामा ह्या पारशी गृहस्थांच्या देणगीनें उभें राहिलेलें कामा रुग्णालय स्त्रियांकरितां व बालकांकरितां उघडलें. डॉ. एडिथ पीची ह्या तेथील प्रमुख होत्या. एडिंबरोच्या विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास करूं द्यावा म्हणून १८६९ सालीं झगडलेल्या स्त्रियांपैकीं त्या एक होत.

ह्याच चळवळीस पाठिंबा देणाऱ्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन ह्यांनीं १८९८ सालीं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांच्या खटपटीनें १९०९ सालीं रावळपिंडीस स्त्रियांचें रुग्णालय निघालें. तथापि पुढें एक मोठी अडचण होती, व ती आमच्याच घरची होती. धर्मभगिनींनीं प्रसूतीचें काम करूं नये, असा ख्रिस्तसभेचा निर्बंध होता. तो उठवावा म्हणून मॅक्लॅरनबाईंनीं रोमकडे वारंवार विनवणी केली. परंतु १९१३ सालीं त्या निवर्तल्या, तोंवर यश आलें नव्हतें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत धर्मगुरूंस आज्ञा होती कीं, सुइणींस तातडीच्या बाप्तिस्म्याची रीत नीट शिकवावी. म्हणजे मरणाऱ्या बालकाच्या आत्म्याची काळजी आम्हीं घेतली. परंतु तें मरूंच नये म्हणून ज्या धर्मभगिनी धांवून गेल्या असत्या, त्यांस आम्हींच दाराशीं थांबविलें. हेतु शीलरक्षणाचा होता, हें खरें. पण त्याची किंमत मातांनीं मोजली. महोत्सवाच्या दिवशीं हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं.

मॅक्लॅरनबाईंचें काम ऑस्ट्रियाच्या डॉ. अ‍ॅना डेंगल ह्यांनीं उचललें. त्या १९२० सालीं रावळपिंडीस आल्या. एकट्या डॉक्टरानें हें ओझें पेलणार नाहीं, हें ओळखून त्यांनीं १९२५ सालीं वैद्यकीय सेवेस वाहिलेल्या भगिनींचा संघ स्थापन केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लूर्द्‌मातेच्या सणाच्या दिवशीं, रोमनें निर्बंध उठविला. इतकेंच नव्हे, तर धर्मभगिनींनीं वैद्यकाचें व शुश्रूषेचें रीतसर शिक्षण घ्यावें असें उत्तेजनहि दिलें.

दार उघडलें, तरी सर्व माता रुग्णालयापर्यंत पोंचत नाहींत. म्हणून रुग्णालयानेंच घरीं जावें, हा विचार महाराष्ट्रांत रुजला. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें जामखेड येथें खेड्यांतील निरक्षर स्त्रियांस आरोग्यसेवेचें शिक्षण देण्याचें कार्य मांडलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं गांवच्याच स्त्रियांस नवजात बालकाची निगा शिकविली: त्यास ऊब द्यावी, आईचें दूध लौकर पाजावें, श्वास अडखळल्यास काय करावें, जंतुदोष कसा ओळखावा व त्यावर औषध कसें द्यावें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तेथील नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटले. २००५ पासून देशभर नेमलेल्या ‘आशा’ भगिनीहि अशाच घरोघरीं जातात.

आतां आपल्या नगरीकडे वळूं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, तेव्हां येथें आगरी-कोळी बांधवांचीं गांवें, भातखाचरें व मिठागरें होतीं. वाशीचा खाडीपूल होण्यापूर्वीं अडलेल्या बाईस मुंबईस नेणें म्हणजे होडीची तरी वाट, नाहीं तर ठाण्याचा वळसा. आज पूल आहेत, रेल्वे आहे, महापालिकेचीं रुग्णालयें आहेत. १९९७-९८ च्या सुमारास भारतांत दर एक लक्ष जिवंत जन्मांमागें ३९८ माता दगावत. २०१८-२० मध्यें ती संख्या ९७ वर आली, आणि महाराष्ट्रांत ३३ वर. तथापि जगांत २०२३ सालींहि सुमारें २,६०,००० माता गर्भारपणांत वा बाळंतपणांत मृत्यु पावल्या, व त्यांपैकीं बहुतेक गरीब देशांतील होत्या.

ह्या माता रक्तस्राव, रक्तदाब, जंतुदोष ह्यांनीं जातात. पण ह्या सर्वांमागें उशीर असतो. घरांत निर्णयास उशीर, वाटेंत उशीर, आणि दारीं पोंचल्यावर उपचारास उशीर. दुसरा पुलानें कमी होतो, तिसरा डॉक्टरांनीं. पहिला मात्र पैशाची धास्ती, सासूचा संकोच व नवऱ्याची बेफिकिरी ह्यांतून येतो. तो पूल बांधून मिटत नाहीं. डोंगराकडील खाणमजुरांच्या व झोंपड्यांच्या वस्तींतील परमुलखची गर्भवती कोणाशीं बोलणार? तिची नांवनोंदणी वेळीं होते कीं नाहीं हें पाहणें, रात्रीं बोलावणें आल्यास आपली गाडी काढणें, तिच्या इतर मुलांस दोन दिवस सांभाळणें, एवढें तर धर्मग्रामांतील प्रत्येक वाड्यास साधेल.

पवित्र मरिया स्वतः गर्भवती असतां डोंगराळ प्रदेशांत एलिझाबेथच्या घरीं गेली व तीन महिने राहिली. तिनें एलिझाबेथच्या बोलावण्याची वाट पाहिली नाहीं. आपणहि पाहूं नये, हीच महोत्सवानिमित्त आमची विनंती व प्रार्थना.