थ्रेड : आपल्याच गोलसमोर छोटा पास कशासाठी? दाब आणि उभारणी यांच्या साठ वर्षांच्या झुंजीचा इतिहास

१० डिसेंबर २०११. माद्रिदचे सान्तियागो बेर्नाबेऊ मैदान. रेआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना. सामना सुरू होऊन अर्धे मिनिटही झाले नव्हते. चेंडू बार्सिलोनाचा गोलरक्षक व्हिक्टर वाल्देस याच्या पायाशी होता आणि यजमानांचे खेळाडू त्याच्या दिशेने धावून येत होते. चेंडू दूर भिरकावण्याऐवजी त्याने जवळचा पास दिला. तो चुकला आणि काही सेकंदांतच करीम बेन्झेमाने गोल केला.

यानंतर चेंडू पुन्हा वाल्देसकडे आला तेव्हा त्याने काय केले? पुन्हा जवळचाच पास दिला. त्यानंतरही तेच. ऐंशी हजारांच्या आसपास प्रेक्षक त्याच्या प्रत्येक स्पर्शाची वाट पाहत असताना त्याने आपली रीत सोडली नाही. बार्सिलोनाने तो सामना ३–१ असा जिंकला.

या प्रसंगाकडे केवळ धाडस म्हणून पाहिले तर त्यामागचा इतिहास हातून निसटतो. वाल्देस हट्टाने खेळत नव्हता; तो एका हिशेबाने खेळत होता. तो हिशेब मांडायला फुटबॉलला अनेक दशके लागली, आणि त्यातील निर्णायक आकडे प्रशिक्षकांपेक्षा नियम करणाऱ्यांनी लिहिले. 👇

आरंभ दाबापासून करावा लागतो, कारण उभारणी हे त्याचे उत्तर आहे. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असताना मागे हटून वाट पाहायची, ही जुनी रीत. १९६०च्या दशकात कीव्हमध्ये व्हिक्टर मास्लोव्ह यांनी डायनामो संघाला तिच्या उलट शिकवले : चेंडू गमावला की मागे पळू नका, चेंडू असलेल्यावर एकत्र चालून जा. १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन वर्षे डायनामोने सोव्हिएत अजिंक्यपद मिळवले. त्याच सुमारास ॲमस्टरडॅममध्ये रिनस मिशेल्स यांचा आयाक्स संघ निराळ्या वाटेने याच निष्कर्षाकडे येत होता.

दाबाला एक अट असते. आघाडीचे खेळाडू पुढे धावले आणि बचावफळी मागेच थांबली, तर मध्ये मोठी पोकळी राहते. म्हणून बचावफळीलाही वर सरकावे लागते. मग तिच्या पाठीमागे मोकळे रान उरते. ते रान राखायचे कोणी? गोलरक्षकाने. म्हणजे गोलरक्षकाला पायाने खेळायला प्रथम भाग पाडले ते दाब टाकणाऱ्या संघांनीच.

१९७४च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या गोलमध्ये यान योंगब्लूड उभा राहिला. वय ३३, आंतरराष्ट्रीय अनुभव नाममात्र, अंगात ८ क्रमांकाचा शर्ट. गोलरेषेवर त्याच्यापेक्षा सरस मानला जाणारा यान व्हान बेव्हेरेन संघाबाहेर होता. योंगब्लूडच्या निवडीमागचे मोठे कारण म्हणजे तो पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन चेंडू पायाने खेळत असे. (हंगेरीचा ग्युला ग्रोशिच १९५३मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध बरेचसे हेच करत होता. त्या ६–३ विजयाच्या कथेत पुश्काश आणि हिदेगकुटी यांनाच सारा मान मिळतो, हे थोडे अन्यायाचे आहे.)

आता दाबाखाली सापडलेल्या संघाच्या बाजूने पाहावे. १९९२पूर्वी त्याच्याकडे एक हमखास पळवाट होती. बचावपटूने चेंडू मागे गोलरक्षकाकडे द्यायचा आणि त्याने तो हातांनी उचलायचा. हातात चेंडू आला की दाब संपला. आघाडी घेतलेले संघ ही क्लृप्ती वेळ काढण्यासाठीही सर्रास वापरत.

आरिगो साक्की यांच्या मिलानने १९८९ आणि १९९०मध्ये युरोपियन चषक जिंकला, तोही याच पळवाटेच्या काळात. एप्रिल १९८९मध्ये त्यांनी उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला ५–० असे चिरडले. प्रतिस्पर्ध्याला श्वास घेण्याची जागा कायद्यानेच दिलेली असताना मिलानने हे साधले, हे ध्यानात घेतले की त्या संघाची थोरवी अधिकच उठून दिसते.

मग आला इटलीतील १९९०चा विश्वचषक. ५२ सामने, ११५ गोल, सरासरी २.२१. विश्वचषकाच्या इतिहासातील ही सर्वांत नीचांकी सरासरी. बॅकपास आणि वेळकाढूपणा यांनी प्रेक्षक वैतागले होते. २६ जून १९९२ रोजी योटेबोर्ग येथे डेन्मार्कने जर्मनीला २–० असे हरवून युरोपीय अजिंक्यपद पटकावले, तेव्हाही डॅनिश बचावपटू चेंडू पुनःपुन्हा पीटर श्मायकेलकडे परत देत होते आणि तो उचलून घेत होता. जुन्या नियमाचा हा जणू निरोपसमारंभ होता.

त्याच उन्हाळ्यात नियम बदलला. सहकाऱ्याने हेतुपुरस्सर पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. घेतल्यास प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक. १९९७मध्ये थ्रो-इनही या बंदीत आले. १९१२ साली गोलरक्षकाचे हात पेनल्टी क्षेत्रापुरते मर्यादित झाले होते. आठ दशकांनी त्या क्षेत्राच्या आतही ते बांधले गेले.

या बदलाचा हेतू खेळ वेगवान करणे हा होता. त्याचा तात्कालिक परिणाम मात्र गमतीदार झाला. उभी कारकीर्द हातांवर काढलेले गोलरक्षक अचानक चेंडू पायाशी घेऊन भांबावले, आणि समोर कोणी दिसताच तो प्रेक्षकांत धाडू लागले. दाब टाकणाऱ्यांना नवे सावज मिळाले.

भांबावलेल्या या जमान्यात एक माणूस मात्र आधीपासून तयार होता. बार्सिलोनाचे प्रशिक्षक योहान क्रायफ १९७४च्या डच संघाचे कर्णधार. योंगब्लूड मागे असताना काय साधते हे त्यांनी मैदानावर अनुभवले होते. गोलरक्षक हा संघाचा पहिला आक्रमक, हा त्यांचा आग्रह. मे १९९४मध्ये अथेन्सला मिलानकडून ४–० असा पराभव झाल्यावर अनुभवी आंदोनी झुबिझारेता याला निरोप मिळाला आणि त्याची जागा कार्लेस बुस्केट्सने घेतली. बुस्केट्सचे पाय मध्यरक्षकाचे होते. हातांविषयी तेवढ्या खात्रीने बोलता येत नसे. क्रायफ यांची ही निवड पुरती यशस्वी ठरली असे म्हणणे कठीण आहे. पण वर्षभरातच लुई व्हान खाल यांच्या आयाक्सने एडविन व्हान देर सार या दोन्ही अंगांनी निपुण गोलरक्षकासह मिलानला १–० असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि कल्पना चुकीची नव्हती हे दिसले.

वाल्देसचा हिशेब तो हाच. मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू असतात. दाब टाकणाऱ्या संघाचा गोलरक्षक मात्र आपला गोल सोडून समोरच्या टोकाला येऊ शकत नाही. म्हणजे दाब टाकायला उरतात दहा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांचा गोलरक्षक पायाने खेळू लागला, तर तिकडे होतात अकरा. कोठेतरी एक माणूस मोकळा असतोच. आघाडीपटू गोलरक्षकावर धावला, की ज्याला तो सोडून आला तो मोकळा. त्याच्यापर्यंत चेंडू सरळ जात नसेल, तर तिसऱ्याकडे देऊन त्याच्यामार्फत पोहोचवायचा. आपल्या गोलसमोरच्या छोट्या पासामागे हा शोध असतो. लांब किकमध्ये चेंडू कोणाला मिळेल हे बहुतांशी नशिबावर सोडावे लागते. येथे नशिबाचा वाटा कमी करायचा असतो.

हे गणित मैदानावर कसे मांडायचे, याचा एक नमुना २००६च्या विश्वचषकात मेक्सिकोने दाखवला. प्रशिक्षक रिकार्डो ला व्होल्पे यांच्या रचनेत दोन मध्यवर्ती बचावपटू फाकून रुंद उभे राहत, मधल्या फळीतील एक जण त्यांच्या मध्ये उतरे आणि बाजूचे बचावपटू वर चढत. समोरून दोघे धावून आले तरी मागे तिघे. मेक्सिको बाद फेरीत अर्जेंटिनाकडून जादा वेळेत २–१ असा हरला. पण त्या उन्हाळ्यात स्पॅनिश वृत्तपत्रात स्तंभ लिहिणारा एक खेळाडू या रचनेवर लुब्ध झाला होता. आपल्या कारकिर्दीचे अखेरचे महिने तो मेक्सिकोतीलच एका संघाकडून खेळला होता. त्याचे नाव पेप गार्डिओला. दोन वर्षांनी तो वाल्देसचा प्रशिक्षक झाला.

इकडे जर्मनीत दाबाचे शास्त्र पुढे सरकत होते. १९८०च्या दशकात एका हौशी संघाचा तरुण प्रशिक्षक राल्फ रांगनिक हा व्हालेरी लोबानोव्स्की यांच्या डायनामो कीव्हशी सराव सामना खेळला, आणि प्रतिस्पर्धी खरोखर अकराच आहेत ना, अशी त्याला शंका आली. मास्लोव्ह यांचे बीज असे कीव्हमार्गे जर्मनीत पोहोचले. युर्गन क्लॉप यांच्या डॉर्टमुंडने २०११ आणि २०१२मध्ये बुंडेसलीगा जिंकली ती याच परंपरेत. उभारणी जितकी धीट होत गेली, तितका दाबही हुशार होत गेला. आता खेळाडू चेंडूवर अंधपणे धावत नसत. पासची एक वाट मुद्दाम उघडी ठेवून तिच्या टोकाशी सापळा लावत.

सापळ्यात सापडणारा बहुधा गोलरक्षकच असतो. योजना प्रशिक्षकाची, रचना संघाची आणि वृत्तपत्रातला मथळा मात्र गोलरक्षकाच्या नावाचा. २०१६मध्ये गार्डिओला मँचेस्टर सिटीत आले आणि इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक जो हार्ट याला, दोन लीग विजेतेपदे पदरी असताना, उसनवारीवर तोरिनोला जावे लागले. त्याच्या जागी पायांसाठी आणलेला क्लॉदिओ ब्राव्हो ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाला खेळायला गेला, लुइस सुआरेझला चेंडू देऊन बसला, तो अडवताना क्षेत्राबाहेर हात लावून लाल कार्ड घेऊन परतला. निकाल ४–०. एकाची कारकीर्द पायांच्या उणिवेने उताराला लागली, दुसऱ्याची प्रतिष्ठा पायांवरच्या भरवशाने डागाळली.

२०१७मध्ये एडरसन आला तेव्हा कोडे सुटल्यासारखे वाटले. तो जवळचा पास शांतपणे देई, आणि समोरचे फार पुढे आले तर त्यांच्या डोक्यांवरून चेंडू थेट आघाडीपटूपर्यंत पोहोचवी. गोल किकवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड नसते, त्यामुळे दाब टाकणाऱ्यांना पाठीमागचीही धास्ती ठेवावी लागे. त्या हंगामात सिटीने १०० गुण मिळवले.

नियमांनी दुसऱ्यांदा हस्तक्षेप केला तो २०१९मध्ये. तोवर गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय खेळात येत नसे. बिकट प्रसंगी बचावपटू क्षेत्रात पाऊल टाकून चेंडूला स्पर्श करी, मग किक पुन्हा घ्यावी लागे. ही एक लहानशी छुपी सवलतच होती. नव्या नियमाने चेंडू हलला की खेळ सुरू. सहकारी क्षेत्रात उभे राहू शकतात, प्रतिस्पर्ध्यांना मात्र किक होईपर्यंत बाहेरच थांबावे लागते. १६.५ मीटर खोलीचा तो पट्टा उभारणीसाठी मोकळा झाला. दाब टाकायचा तर आणखी पुढे यावे लागे, आणि मागची मोकळी जागा तितकीच वाढे.

या युगाची किंमत आणि फळ एकाच सामन्यात गोव्यानेही पाहिले. १३ मार्च २०२१, मडगावचे फातोर्डा मैदान, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. मुंबई सिटीचे प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा हे बार्सिलोनाच्या युवा संघांसोबत घडलेले. १८व्या मिनिटाला मुंबईच्या अहमद जाहूकडून स्वतःच्याच पेनल्टी क्षेत्राजवळ रॉय कृष्णाने चेंडू हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने एटीके मोहन बागानला आघाडी दिली. जाहू डगमगला नाही. २९व्या मिनिटाला त्यानेच दिलेला लांब पास अडवताना बागानच्या तिरीकडून स्वयंगोल झाला, आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने मुंबईला विजय मिळवून दिला. कोरोनामुळे मैदान रिकामे होते. बेर्नाबेऊवरचा गलका वाल्देसने सोसला. जाहूला सोसावी लागली ती शांतता.

पुढे दाबाचे आमंत्रणच देण्यापर्यंत मजल गेली. रॉबर्तो दे झेर्बी यांच्या ब्रायटनचे बचावपटू चेंडूवर तळवा ठेवून निश्चल उभे राहत. समोरचा पुढे सरसावला की त्याने सोडलेल्या जागेतून पास निघे. २०२२–२३मध्ये ब्रायटन सहावे आले आणि प्रथमच युरोपीय स्पर्धेला पात्र ठरले.

यावर दाबाने शोधलेला तोडगा जुनाच निघाला : ज्याने त्याने आपापला माणूस धरायचा, साऱ्या मैदानभर. मागे बरोबरीची लढत होण्याचा धोका पत्करायचा. गोलरक्षक सोडला तर मोकळा माणूस उरूच द्यायचा नाही. जियान पिएरो गास्पेरिनी यांच्या अटलांटाने २२ मे २०२४ रोजी डब्लिनमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात बायर लेव्हरकुसेनला ३–० असे नमवले. चाबी अलोन्सो यांचा तो सफाईदार संघ त्याआधी सलग ५१ सामने अपराजित होता.

अशा दाबापुढे छोट्या पासची वाट अरुंद होते, आणि लांब किकला पुन्हा मोल येते. २०२५च्या उन्हाळ्यात पॅरिस सेंट जर्मेनने चॅम्पियन्स लीग जिंकून देणाऱ्या जियानलुइजी डोनारुम्मा याच्याऐवजी प्रशिक्षक लुइस एन्रिके यांना निराळ्या धाटणीचा गोलरक्षक हवा होता. डोनारुम्माची ख्याती हातांची, गोलरेषेवरची, पायांची नव्हे. सप्टेंबरच्या आरंभी एडरसनने मँचेस्टर सिटी सोडली. त्याच्या जागी गार्डिओला यांच्या संघात आला तो डोनारुम्मा.