माउंट करणे : पेन ड्राइव्ह, लिनक्स टर्मिनलवरून

पेन ड्राइव्हवरची फाइलप्रणाली संगणकाच्या चालू डिरेक्टरी-वृक्षात एखाद्या, सहसा रिकाम्या, डिरेक्टरीशी जोडणे, म्हणजे माउंट करणे. विंडोजप्रमाणे इथे ‘ई’, ‘एफ’ अशी अक्षरे उगवत नाहीत. मूळ एकच, बाकी साऱ्या फांद्या. शब्द फितींच्या जमान्यातला आहे. रीळ खरोखरच यंत्रावर चढवावे लागे. युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीतही ‘माउंट’ ही आज्ञा होती.

डेस्कटॉपवर हे काम आपोआप होते. डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर ते हाताने करावे लागते, आणि त्याला रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार लागतात. आधी ‘एलएसबीएलके’ चालवून आकारावरून ड्राइव्ह ओळखावा. १६ जीबीचा तिथे सुमारे १४.९ दिसतो, फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी. तो ‘एसडीबी’ असेल तर जोडायचा बहुधा त्याचा पहिला भाग, ‘एसडीबी१’ : ‘सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी’. फॅट३२ मध्ये फाइलच्या मालकाची नोंदच नसते, त्यामुळे सारे रूटच्या नावावर दिसते आणि साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. ‘-ओ’ लावून ‘यूआयडी’ या पर्यायात आपला वापरकर्ता-क्रमांक दिला की अडचण सुटते.

पुण्यात खरी गंमत यापुढे, मराठी फाइलनावांत. नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याने विंडोजवर भरून दिलेल्या ड्राइव्हमधली ‘अनुक्रमणिका’ ही फाइल टर्मिनलवर प्रश्नचिन्हांची रांग होऊन येऊ शकते. दोष फाँटला दिला जातो, उगाच. फाँट नसता तर चौकोन दिसले असते. रेड हॅटच्या पुणे कार्यालयात ज्यावर बरेच काम झाले तो ‘लोहित देवनागरी’ फाँट इथे निर्दोष आहे. फॅट३२ लांब नावे यूटीएफ-१६ मध्ये ठेवते; माउंट करताना दुसरी अक्षरसंहिता धरली गेली की देवनागरीला जागा उरत नाही. ड्राइव्हवरची नावे शाबूत असतात. ड्राइव्ह काढून ‘-ओ यूटीएफ८’ देऊन पुन्हा जोडावा. तरीही प्रश्नचिन्हे राहिली तर सर्व्हरचे लोकेल तपासावे. ते ‘सी’ असले तरी असे होऊ शकते.

काढण्याची आज्ञा ‘यूमाउंट’. ‘अन’मधला ‘न’ तिच्यात नाही, आणि नवखे तिथेच अडखळतात. कॉपी संपल्यासारखी दिसली तरी काही मजकूर अजून मेमरीतच असतो, तो या आज्ञेने ड्राइव्हवर उतरतो; म्हणून प्रॉम्प्ट परत येईपर्यंत ड्राइव्ह उपसू नये. ‘टार्गेट इज बिझी’ असे उत्तर आले तर बहुतेक वेळा आपणच त्या डिरेक्टरीत बसलेले असतो.