घाट चढल्यावरचा दगड

पातूर सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो. वळणं घेत घाट चढायचा, सागाचं जंगल मागे टाकायचं, मग मेडशी. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मी या वाटेवरचे दगड मोजायचो. शेजारी आजोबा, म्हणजे आमचे आबाजी, बसलेले असत. ते मोजत नसत, ओळखत असत. "इथं बैल सोडाचे." "इथं पाणी होतं." "इथून अंधार पडाच्या आंधी निघाचं." त्यांच्या वडिलांच्या बंड्या याच वाटेनं कापूस घेऊन अकोल्याला जात, आणि पोरवयातले आबाजी त्या कापसावर झोपून जात.

अकोल्याला रेल्वे आली १८६० च्या दशकात. वाशीमला ती पोचायला १९६० च्या सुमारापर्यंत थांबावं लागलं. मधली नव्वदेक वर्षं वाशीमकडचा किती कापूस बैलांच्या मानेवरून या घाटानं खाली उतरला असेल! घाटाखालचा तो पयानघाट, वरचा बालाघाट. वऱ्हाडाची ही जुनी विभागणी, आणि मेडशी तिच्या उंबरठ्यावरचं गाव. आबाजी सांगत, कापूस घेऊन उतरताना भीती, आणि मीठ-तेल घेऊन परतताना कष्ट. चढावर एका जोडीचं काम नसे. पुढच्या बंडीची जोडी वर पोचली की सोडून खाली आणायची, मागच्या बंडीला जुंपायची. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याचीही जोडी घाटात मागायची, आणि त्यानंही ती द्यायची. नाही म्हणायची रीतच नव्हती.

मेडशीच्या अलीकडे एका धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, मैलाचा दगड होता. काळा, डोक्याशी गोलसर, अंगावर चुन्याचे थरावर थर. नखानं खरवडला की पापुद्रा निघायचा आणि खाली आणखी एक जुना, पिवळट थर दिसायचा. कोरलेला आकडा अर्धाच उरला होता. ३ स्पष्ट, पुढच्या आकड्याचा टवका उडालेला. वर कुणीतरी शेंदूर लावला होता. आबाजींच्या वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण रात्री बंडी थांबवून ते खाली उतरत, दगडावर बोटं फिरवत आणि अकोला किती राहिलं ते सांगत. त्या तीनच्या पोटात मीही बोट घातलं आहे. कडा गुळगुळीत झाल्या होत्या. आबाजींनी तिथं चप्पल काढून हात जोडले, तेव्हा मी विचारलं, हा देव आहे का?

"देव नाही, बाबू. पण अंधारात यानं वाट सांगतली. मंग पाया पडलं तं काय झालं?"

याच वाटेनं पुढे वाशीम, आणि वाशीमच्या पलीकडे आबाजींच्या भाषेत 'मोगलाई'. म्हणजे निजामाचं राज्य. खरं तर वऱ्हाडही कागदावर निजामाचंच होतं. १८५३ मध्ये कारभार तेवढा इंग्रजांकडे गेला. पण लोकांना फरक कळायचा तो पैशानं. इकडे इंग्रजांचा कलदार रुपया, तिकडे निजामाचा हाली. हिंगोलीच्या वाटेवर कन्हेरगाव लागतं, त्याला आजही 'कन्हेरगाव नाका' म्हणतात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, सीमा पुसली, तो नाका गावाच्या नावात राहिला. आबाजी तिथल्या झडतीच्या गोष्टी सांगत. बंडीतलं सामान उतरवायचं, पुन्हा भरायचं, त्यात अर्धा दिवस जायचा.

वाशीमजवळच हिस्से बोराळा आहे. तिथला शिलालेख वाकाटक राजा देवसेनाच्या काळचा, शके ३८० चा, म्हणजे इ.स. ४५८ च्या सुमाराचा. वाशीम तेव्हा वत्सगुल्म होतं, राजधानी होतं. त्या लेखात लढाई नाही. स्वामिल्लदेव नावाच्या माणसानं सुदर्शन नावाचा तलाव बांधवला, सगळ्या प्राण्यांच्या भल्यासाठी, असं त्यात आहे. मला तो लेख आणि आमच्या धुऱ्यावरचा अर्धा आकडा एकाच कुळातले वाटतात. एकानं पाणी दिलं, एकानं वाट. जो दगड येणाऱ्या-जाणाऱ्याच्या उपयोगासाठी उभा केला जातो, त्याचा मान विजयस्तंभाहून मोठा, असं माझं ठाम मत आहे.

१९५६ च्या कायद्यानं मैल गेले, किलोमीटर आले. पुढे दगडांची डोकी रंगली, राष्ट्रीय महामार्गाचं पिवळं, राज्य मार्गाचं हिरवं. आता हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. चौपदरीकरणाच्या कामाचे टप्पे पाडले तेव्हा एकाचं नाव अकोला–मेडशी, दुसऱ्याचं मेडशी–वाशीम. उंबरठा अजून मेडशीच. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर मी गेलो तर धुरा सरकलेला, आणि दगड जागेवर नाही.

दोन दिवस विचारत फिरलो. शेवटी सापडला, एका शेतातल्या मोटारीच्या खोलीची पायरी झालेला, आकडा खाली. शेतकरीदादांना आबाजींची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. घरात जाऊन पहार घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून दगड उलटवला, पाणी ओतून माती धुतली. तीन तसाच होता. आता तो खोलीच्या दाराशी उभा आहे, आकडा रस्त्याकडे करून.

तुमच्या गावच्या वाटेवर, धुऱ्यावर, मारुतीच्या पाराशी असा एखादा दगड असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा त्याच्यापाशी घेऊन जा, सावलीत बसवा, आणि ते जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. आबाजी होते तेव्हा मी वही नेली नव्हती.